भाव पडलेला प्लेअर

मित्रांनो, मी एक जुना डिस्क प्लेअर आहे. जुना म्हणजे झिजलेला नव्हे, नुसता पडून पडून जुना झालेला. माझी जात एचडी डीव्हीडी. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. हरलेल्याचं नाव कोण लक्षात ठेवतो?

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होतो. साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र दाखवायचो. पण बाजारात ब्लू-रे नावाचा माझा भाऊबंद उतरला होता. त्याची डिस्क मला चालेना, माझी त्याला चालेना. आमची भाऊबंदकी पेटली आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी माझी किंमत सारखी खाली येऊ लागली.

देवळाली कॅम्पात शेखरचं टीव्ही-प्लेअरचं दुकान होतं. शेखर दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. त्याचे वडील नाथा त्याला लहानपणापासून सांगत, "भाव पडला का घाबरायचं नाय. माल बेदाण्याला टाकायचा. भाव परत येतोच." शेखरने तीच अक्कल माझ्यावर चालवली. मी स्वस्त होत गेलो तसा तो मला खोकीच्या खोकी उचलत गेला. दुकानाचा पोटमाळा भरला.

"अहो, एवढे कोण घेणारे? थांबा ना जरा," त्याची बायको सरिता म्हणाली.

"पडत्या भावात घेतो तोच कमावतो. सीझन येऊ दे, लाईन लागेल."

सीझन आलाच नाही. मला बनवणाऱ्यांनीच हात वर केले आणि माझ्या डिस्क निघायच्या बंद झाल्या. द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा होतो, मित्रांनो. यंत्राचा भाव पडला तर भंगार होतं. साध्या डीव्हीडी मी अजूनही चालवतो, पण तेवढं काम करणारे प्लेअर तेव्हा कवडीमोलाने मिळत होते. मला कोण विचारणार?

दुकान बुडालं. शेखर गावी परतला आणि आता दुसऱ्याच्या वायनरीत बाटल्यांची खोकी उचलतो. ज्यांनी बेदाण्याचा धडा दिला ते नाथा पारावर सांगतात, "पोराचं डोकंच बिघडलं व्हतं." आपला धडा ते सोयीने विसरले. मला त्यांचा फार राग येतो.

त्याच्या सामानाबरोबर मीही गावी आलो आणि फवारणीच्या पंपाशेजारी धूळ खात पडलो. गेल्या आठवड्यात शेखरची मुलगी आरोही हिने माझी वायर लावली. दिवा लागला, ट्रे सरकन बाहेर आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"पप्पा, हा चालू आहे! ह्यात काय लावायचं?"

शेखर जवळ आला. मी धडधाकट आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण तसं म्हटलं असतं तर आपण कुठे चुकलो, हेही पोरीला सांगावं लागलं असतं.

"बिघडलेला आहे तो," म्हणत त्याने वायर उपटली. बापाने त्याला लावलेला शब्द त्याने मला लावला. माझा ट्रे उघडाच राहिला.

मित्रांनो, हरलेल्याला खुशाल हरलेला म्हणा. ते खरं आहे, ते सोसता येतं. पण त्याला बिघडलेला म्हणू नका.