साडेएकोणीस इंच

मी एक तार बोलतेय. लाल आवरण, आत तांब्याचे बारीक केस, लांबी साडेएकोणीस इंच. एवढ्याशा तुकड्याला कोणी आयुष्य विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी दुकानात वाढले, आणि दुकानात वाढलेल्यांना न विचारता बोलायची सवय असते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते विजेच्या सामानाचं दुकान, वरच्या फळीवर दोन बल्बच्या खोक्यांमध्ये ठेवलेलं आमचं भेंडोळं, आणि मालक. मालक शाळा अर्धवट सोडलेले, पण बिघडलेलं काहीही उघडून बघणारे. बोलायला गोड. तार मोजायला फळीच्या कडेला दोन पितळी खिळे ठोकलेले होते. एक गिऱ्हाईक तार घ्यायला मुद्दाम आपल्या उंच मेव्हण्याला घेऊन यायचं. म्हणायचं, "दोन वाव द्या, पण हात पसरून मोजतील हे." मालक हसून म्हणायचे, "मेव्हण्यांना बसू द्या, चहा पिऊ द्या. माप खिळ्यांवर होतं."

रोज सकाळी साडेसातला, शटर वर जायच्या आधी, मालक खणातून हातात मावेल असा एक वायरलेस सेट काढत. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. असल्या सेटची ताकद ती किती! म्हणून दूर डोंगरावर एक यंत्र बसवलं होतं, त्याला सगळे रिपीटर म्हणत. लहान सेटचा आवाज पकडायचा आणि मोठा करून चहूकडे सोडायचा, हे त्याचं काम. त्यावर रोज वायरलेसच्या हौशी मंडळींची हजेरी चाले. हजेरी घेत ते दादा, मालकांचे थोरले भाऊ. डोंगरापलीकडच्या गावात वडिलांचं जुनं दुकान होतं, ते दादा सांभाळत.

दादा एकेकाचं परवान्यावरचं नाव पुकारत. मालकांची पाळी आली की त्यांच्या नावापुढे तीन शब्द जास्त येत.

"धाकट्या, आहेस का?"

"आहे, दादा!" मालक बटण दाबून म्हणत. तिकडे काही पोचत नसे. डोंगरावरचा आवाज खाली येणं सोपं, खालचा वर चढणं अवघड. दादा तीन हाका मारत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "उत्तर नाही." मग पुढचं नाव.

मागचं सगळं मला मालकीणबाईंकडून कळलं. फळ्या पुसता पुसता त्या बोलत, आणि ऐकायला आम्ही होतोच. तीन वर्षांपूर्वी वडील शेवटच्या दुखण्यात होते. दादांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. आठवड्यात ते गेले. माणसं जमलेली असताना मालक सगळ्यांदेखत ओरडले, "तू मारलंस बाबांना!" आणि घर सोडून इकडे आले. नंतर दोनदा फोन केला. आवाज ओळखताच दादांनी तो ठेवून दिला.

"अहो, बसने चार तास लागतात. उठा आणि जा की सरळ," मालकीणबाई म्हणायच्या.

"दारात उभं करेल का?"

"नाही केलं तर परत या. हरवणार थोडेच आहात. आणि रोज हाक मारतात, ती काय उगीच?"

"यादीत नाव आहे म्हणून."

"आणि यादी कोणाच्या हातची?"

मालकांनी एक स्विच दोनदा चालू-बंद केला. मग म्हणाले, "फोन ठेवता येतो. दार लावता येतं. हजेरीत मात्र हाक मारली की उत्तर ऐकून घ्यावंच लागतं, तो नियम आहे. तिथेच म्हणेन, सगळ्यांदेखत बोललो होतो, सगळ्यांदेखत मागे घेतो."

एका सोमवारी हजेरी संपताना दादांचा आवाज घोगरा येत होता. "येत्या रविवारी माझी शेवटची हजेरी. दुसऱ्या दिवशी गळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, आवाज राहणार नाही. पुढे हजेरी आपल्यातले घड्याळवाले सांभाळतील."

त्या दिवशी शटर उशिरा उघडलं.

मग मालकांनी जिवाचं रान केलं. सेटवरचं बोटभर एरियल काढून हातभर लांब लावलं. बॅटरी रात्रभर भरली. दुकान सोडून गच्चीवर गेले, गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर चढले. आपलंच अंग रेडिओलहरी गिळतं हे कळल्यावर सेट डोक्याच्या वर धरू लागले. मालकीणबाई खालून म्हणाल्या, "तसेच उभे राहा, दोरी बांधते. कपडे तरी वाळतील."

मंगळवारी माझी पाळी आली. एका जुन्या पुस्तकात त्यांना सापडलं होतं, की एरियलच्या बुडाशी मापाची एक तार जोडून खाली लोंबत सोडली तर सेटचा पल्ला वाढतो. मला भेंडोळ्यातून बावीस इंच कापलं. वरच्या टोकाला पिळून कडी केली आणि एरियलच्या बुडाला घट्ट बसवलं. मग रोज थोडं कापायचं, टाकीवर चढायचं, बटण दाबून सोडायचं. रिपीटरला आवाज पोचला तर तो उलट, सगळ्यांना ऐकू जाईल असं "टूं" करतो. गुरुवारी पहिलं "टूं" आलं. मालक टाकीवरून पडता पडता राहिले. शनिवारी मी साडेएकोणीस इंच झाले आणि पाचातली तीन "टूं" येऊ लागली.

"कडीला कथलाचा डाग द्या की. नुसती पिळलीय ती," मालकीणबाई म्हणाल्या.

"लागतंय ना? मग आता हात नाही लावायचा."

रविवारी हवेत वारा होता.

"धाकट्या, आहेस का?"

"आहे, दादा! दादा, माझं चुकलं—"

"टूं" झालं. पण दादा म्हणाले, "कोण आहे? नुसती खरखर येतेय."

घड्याळवाले मध्ये बोलले, "दादा, गळ्याला ताण देऊ नका. पुढचं नाव घ्या."

"थांबा हो जरा. धाकट्या, तूच असशील तर दोनदा दाब."

मालकांनी दोनदा दाबलं. टूं. टूं.

मग दादांचा आवाज आला, हळू. "तुझं बोलणं ऐकू येत नाही रे. आणि उद्यापासून माझंही यायचं नाही. एकच विचारतो. त्या दिवशी बोललास, ते अजून तसंच वाटतं का? वाटत असेल तर एकदा दाब, नसेल तर दोनदा."

मालकांनी दाबलं. टूं. दुसऱ्यांदा दाबायला अंगठा उचलला, आणि वाऱ्याचा झोत आला. माझी कडी सुटली. मी त्यांच्या पायाशी पडले.

मालकांनी दाबलं. काहीच वाजलं नाही.

"एकदा," दादा म्हणाले. "बरं. कळलं."

मालक दाबत राहिले. पण मोठा आवाज चालू असताना लहान आवाज आत शिरत नाही. दादा सगळ्यांचा निरोप घेत होते, आणि मालक बटणावर बटण दाबत होते, माझ्यावरच पाय देऊन. मी कुठे गेले हे त्यांना दिसलं तेव्हा हजेरी संपली होती. तिकडचा सेट बंद होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ते गेले. आठ दिवसांनी परत आले आणि बायकोला सगळं सांगितलं. ते पोचले तेव्हा दादांना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. शुद्धीवर आल्यावर गळ्याला पट्टी, हातात पाटी. मालक पलंगाशी बसून म्हणाले, "दादा, मी दोनदा दाबलं होतं. तार पडली."

दादांनी पाटीवर लिहिलं, "एकदाच आलं."

"खरंच सांगतो रे!"

"आजारी माणसाला सगळे असंच सांगतात," असं लिहिलं, आणि तळहाताने पुसून टाकलं. राग केला नाही. मालकांना जेवून जायला सांगा, अशी वहिनींना खूण केली.

आता मी गल्ल्याजवळच्या एका खिळ्याला टांगलेली असते. मालक मला टाकत नाहीत, वापरतही नाहीत. कोणी लाल तार मागितली तर नवीन भेंडोळं काढतात.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी डोंगरापलीकडे जाणार असेल, तर विजेच्या सामानाचं जुनं दुकान विचारा. आत गळ्याला रुमाल बांधलेले एक गृहस्थ बसलेले असतील. त्यांना सांगा, त्यांच्या भावावर विश्वास नसेल तर राहू दे, पण मला भावाची भीड नाही आणि आजाऱ्याची दया नाही. मी तारेचा तुकडा आहे. पहिला दाब मी पोचवला. दुसऱ्या वेळी मी त्यांच्या पायाशी होते, आणि तिथून वर बघताना मला त्यांचा अंगठा दिसत होता. तो बटणावर होता.