प्रधानाची खुर्ची

युसूफ गुरुजींनी मास्तरांची खुर्ची उचलून वर्गाच्या मधोमध ठेवली आणि स्वतःच तिच्यावर बसले. मुलं हसली. त्या खुर्चीवर बसायची पाळी नेहमी मुलांची असायची.

"हसू नका. अल्तमश आजोळी गेला आहे. आज नाटकातला त्याचा प्रधान मी. विचारा काय विचारायचं ते."

नाटक बसवण्याची ही गुरुजींची जुनी रीत. पाठांतर नंतर. आधी प्रत्येकानं आपलं पात्र होऊन खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. नियम दोनच. खोटं बोलायचं नाही, आणि 'नाटकात तसंच लिहिलंय' असं म्हणायचं नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी स्नेहसंमेलन जवळ आलं की अमडापूरच्या पोरांना गुरुजी लागत आणि गुरुजींना पोरं.

नाटक जुनं, शोकांत. शत्रूनं वेढलेल्या नगरीचा राजा धैर्यकेतू हुकूम काढतो, की जो वेशीचा दरवाजा उघडेल त्याला देहदंड. बाहेर तहानेनं तडफडणाऱ्या लोकांसाठी दरवाजा उघडते त्याचीच मुलगी, हेमलेखा. राजा आपला शब्द मागे घेत नाही. शेवटच्या अंकात तो आणि प्रधान रिकाम्या दरबारात बसून राहतात. हे नाटक गुरुजींनी आजवर पाच वेळा बसवलं होतं.

या वर्षीची हेमलेखा सुचिता होती. दहावीतली, वयानं सोळाची. गुरुजींचा जुना मित्र पुंजाजी, त्याची नात.

तिच्याकडे पाहायचं गुरुजी तीन दिवसांपासून टाळत होते.

सोमवारी पुंजाजी तिच्या लग्नपत्रिकेचा मसुदा घेऊन आला होता. गावातली कुठलीही पत्रिका चिखलीला छापायला जाण्याआधी युसूफ गुरुजींच्या नजरेखालून जायची, हा चाळीस वर्षांचा रिवाज. जात-धर्म त्यात कधी आला नाही. गुरुजींनी वाचलं. फेब्रुवारीची तारीख, दहावीच्या परीक्षेच्या आठ दिवस आधीची. त्यांचा पेन क्षणभर थांबला. मग त्यांनी चार शब्द दुरुस्त केले, एका आजोबांचं नाव वरच्या ओळीत घेतलं आणि कागद परत दिला.

"झालं?" पुंजाजीनं विचारलं होतं.

"झालं."

"आणखीन काही नाही न?"

"नाही."

तरी पुंजाजी घंटाभर बसून राहिला. दोनदा चहा प्याला.

तेव्हापासून गुरुजींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज सकाळी ते पुन्हा अंगणात सायकलपाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांची बायको गौसिया म्हणाली होती, "तीन दिवस झाले, हवा पाहून राह्यले. जायचं कुठं ते तं ठरवा."

"प्रधानजी," सुचिता उभी राहिली. "राजानं हुकूम पहिले तुमच्याच हाती देला होता. तुम्ही त्यातला एक शब्द बदलला न् परत करला. तवाच काऊन नाही बोलले?"

गुरुजींनी घसा साफ केला. "राजा ऐकणारा नव्हता."

"तुम्ही सांगून पाह्यलं होतं का?"

"नाही."

"मग ऐकणारा नव्हता हे कसं समजलं?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. सुचिता हसत नव्हती. ओढणीचं टोक तिनं बोटाभोवती गच्च गुंडाळलं होतं.

"राजा माझा मित्र होता," गुरुजी सावकाश म्हणाले. "मुलगी त्याची, घर त्याचं. मधे मी काय बोलणार?"

"मग मी मेल्यावर राह्यली का मैत्री?"

खुर्चीवर बसणारा गप्प राहिला तर पोरं एरवी 'हारले, हारले' करून वर्ग डोक्यावर घेत. आज कोणी ओरडलं नाही.

राजा झालेला शिवम खिडकीत बसून बोरं खात होता. तो म्हणाला, "सर, राजा मी आहे, तं मी सांगू का? मले वाटते, राजाले लिहितावाचता सगळं येत होतं. त्यानं हुकूम प्रधानाले दाखवला कशाले? कोणी तरी नाही म्हणावं म्हणून. त्याले सोताले मागं फिरता येत नव्हतं."

"बी थुंकून बोल बे," कोणीतरी म्हणालं, आणि आता मात्र सगळे हसले.

गुरुजी हसले नाहीत. पाच वेळा बसवलेलं नाटक. प्रत्येक वेळी त्यांनी मुलांना राजाचा हट्ट समजावून सांगितला होता.

"आज इथंच थांबू," ते उठत म्हणाले. "सुचिता, तू तालमीला येत राहा."

"कधीपर्यंत, सर?"

"मी सांगतो," गुरुजी म्हणाले, आणि खुर्ची जागेवर न ठेवताच बाहेर पडले.

उन्हं कलली होती. पुंजाजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. गुरुजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि रामराम न करताच विचारलं,

"सोमवारी तू घंटाभर बसला होता. काऊन?"

"चहा चांगला होता."

"पुंजाजी."

पुंजाजीनं हातातली शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. मग आतल्या दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "पोराले मी दोनदा सांगतलं, थांब म्हणून. म्हणते, स्थळ चांगलं आहे, मागून भेटणार नाही. सोयऱ्यायले शब्द देऊन बसलो मीच, सुपारी फोडली तवा. आता कोण्या तोंडानं नाही म्हणू? म्हटलं, मास्तर वाचतीन, मास्तर बोलतीन. मास्तरचं नाव सांगून मागं सरता येईन." तो थांबला. "तुनं तं शब्द दुरुस्त केले, बे."

गुरुजी पायरीवर टेकले.

"मले वाटलं, तुमच्या घरातली गोष्ट."

"चाळीस वर्षं काय पाहुणा म्हणून येत होता?"

"पत्रिका छापून आल्या?"

"काल. पहिली देवापाशी ठेवली."

गुरुजी उठले. गुडघा दुखत होता, त्यांनी खांबाला धरलं.

"बोलाव त्याले."

"तूच बोल. तुझ्या हाताखाली शिकला तो. तुले उलटून बोलणार नाही."

"मी बोलतोच. तारीख आहे, कायदा आहे, तिची परीक्षा आहे, सगळं बोलतो. पण पहिला शब्द तुझा पाह्यजे. शब्द तू देला होता."

पुंजाजीनं धोतरावरची टरफलं झटकली, नसलेलीही झटकली. त्यानं हाक मारली ती ओठातच राहिली. दुसरी आतपर्यंत गेली.

सुचिताचा बाप ज्ञानेश्वर बाहेर आला, फोन कानालाच होता. गुरुजींना पाहून तो वाकला आणि एका हातानं त्यांच्या पायांना शिवला.

"गुरुजी, या न, आत बसा. मंडपवाल्याशी बोलून राह्यलो. दोनच मिनिटं."

"ठेव तो फोन," पुंजाजी म्हणाला.

"बाबा, अॅडव्हान्सचं..."

"ठेव म्हणतो न."

ज्ञानेश्वरनं फोन खाली घेतला. बापाकडे, मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी एक पाऊल सरकून पुंजाजीच्या बाजूला उभे राहिले.

"ज्ञाना," पुंजाजी म्हणाला, "पोरगी सोळाची आहे."

आतल्या खोलीत कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.