कडेचा किरण

"रीडिंग चुकलंय, खोडा ते," सर म्हणाले. "बाळ झाल्यापासून तुमचं लक्ष घरीच असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांच्या या प्रयोगशाळेत मी सात वर्षं हेच काम करतेय. समोरचा माणूस मेणाचा साचा दातांत धरून डोकं स्थिर ठेवतो आणि मी त्याच्या डोळ्याच्या बाहुलीतून बारीक किरण आत सोडते. मधून सोडलेला उजळ दिसतो, कडेने सोडलेला मंद, कारण आतल्या पडद्यावरच्या पेशी बाहुलीच्या मध्याकडे तोंड करून असतात. आज समोर बसलेल्या शिंपीणकाकूंना मात्र चारही वेळा कडेचाच उजळ दिसला होता.

"खोडणार नाही. तुम्हीच घेऊन बघा."

सरांनी घेतलं. पुन्हा तेच.

"साचा हलला असेल."

काकूंनी तोंडातला साचा काढला. "हलायला मी काय पाळण्यात आहे?"

"कागद उलटा, सर," मी म्हणाले. "मागे लिहिलंय. काकूंचा मोतीबिंदू मधोमध होता, उजेड वर्षानुवर्षं कडेनेच येत होता. तो काढून चारच दिवस झालेत. पेशी अजून कडेच्या दिशेनेच बघतायत."

माझी तान्ही पाळणाघरात दाराकडे तोंड करून निजते, कारण मी तिथूनच येते. मला हे कुणी शिकवायला नको होतं.

सर वाचत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे, राहू दे."

मी पेन पुढे केलं. "खाली सही करा. पाचवं रीडिंग तुमचं आहे."