दुपारी चारचा वास

माझं नाक फार तिखट. दूध नासायच्या आधी मला कळतं. त्यामुळे सत्त्याऐंशी साली कळव्याच्या आमच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह बसला, तेव्हा पहिल्याच दुपारी चार वाजता, वीणा देताना मला सुक्या मासळीचा वास आला. संशय सरळ दामाजीवर गेला.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. दर दोन तासांनी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. माझा पहारा दोन ते चार, दामाजीचा चार ते सहा. दामाजी खाडीवरचा कोळी. गळ्यात माळ घातल्यापासून मासळी खात नाही म्हणायचा. मासे पकडून विकणारा माणूस ते तोंडात घालत नाही, हे कुणाला पटेल? तो माझ्या पायांवर डोकं ठेवायचा. मी वाकायचो, पण बोटं फरशीलाच लावायचो.

दुसऱ्या दिवशी वास दोनपासूनच येऊ लागला. म्हटलं, कालचा वीणेला चिकटलाय. तिसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच्या हातांचा वास घेतला. साबणाचा होता. इतका साबण चोळतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय. चौथ्या दिवशी मंडळाचे प्रमुख आबा यांना सांगून त्याचं नाव पहाऱ्यातून काढायला लावलं. दामाजी "बरं माऊली" म्हणाला, माझ्या पाया पडला आणि गेला.

पाचव्या दिवशी त्याच्या जागी शहाडचा शिवराम आला. वीणा घेताना थबकला.

"मास्तर, राग नको, पण तुमच्या उपरण्याला सुकटीचा वास येतोय."

मी उपरणं नाकाला लावलं. वास त्याचाच होता.

ते उपरणं मी रोज स्वयंपाकघरातल्या खुंटीवर ठेवायचो, घरातली सगळ्यात शुद्ध जागा म्हणून. घरी येऊन बायकोला, विमलला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "सकाळी तुम्ही पारायणाला जाता, तेवढ्यात मूठभर सुकट भाजते, मग धूप लावते. किती वर्षं झाली हो खाऊन."

तसाच खाडीवर गेलो. दामाजी जाळं सांधत बसला होता. त्याला विमलचं सगळं सांगितलं.

"तुला वास आला नव्हता?"

"पयल्याच दिवशी आला, मास्तर. जल्म गेला त्या वासान."

"मग आबांना बोलला का नाहीस?"

"ईना तुमच्या गल्यान व्हती. मी पाया परलो. वास कशाला घेऊ?"

मला माझीच किळस आली. "उद्या सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हटलं.

"सांगा. पन वयनीचं नाव नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी सभामंडपात सगळ्यांसमोर आबांना सांगितलं, सुकट मी खाल्ली, दामाजींवर खोटा आळ घेतला. आबांनी यादीतून माझं नाव खोडलं आणि दामाजींचं पुन्हा लिहिलं.

माझा पहारा शिवरामने केला आणि चार वाजता वीणा दामाजींना दिली. मी मागे खांबापाशी उभा होतो. दामाजी वीणा घेऊन माझ्यापर्यंत आले आणि माझ्या पायांवर वाकले.

माझ्या गळ्यात तेव्हा वीणा नव्हती.