चार बोटं वर

फसीलाचे आकडे माझ्यापेक्षा कमी यायला लागले, तेव्हापासून मला तिचं तोंड बघवेना.

केरळातल्या मंजेरीच्या या हॉस्पिटलात सीटी स्कॅनच्या खोलीत मी एकोणीस वर्षं काढली. ती आली गेल्या ओणमनंतर. प्रत्येक स्कॅनला पेशंटच्या अंगात किती किरण गेले, त्याचा आकडा मशीनच दाखवतं. दर सोमवारी आमचे विभागप्रमुख कुरियाकोस सर ती यादी सगळ्यांसमोर वाचतात. फोटो स्वच्छ आणि आकडा कमी, ते काम चांगलं. आत्ताचे इन्चार्ज सुकुमारन निवृत्त झाले की यादीत जो सरस तो नवा इन्चार्ज, असं सरांनी सांगूनच टाकलं होतं. म्हणजे ती खुर्ची माझीच, असं मी धरून चालले होते.

"पोटाचे स्कॅन. विलासिनी, साडेदहा. फसीला, सात," सर वाचायचे आणि माझ्या अंगाची लाही व्हायची.

"कमी किरणांत काढते म्हणजे फोटो भुरकट येत असणार," मी कॅन्टीनमध्ये नर्स मोळीला म्हणाले.

"कसले भुरकट, चेची?" मोळी म्हणाली. इथे मोठ्या बहिणीला चेची म्हणतात. "सर तर तिचेच फोटो सगळ्यांना दाखवत फिरतात."

घ्या! पुट्टूची थाळी मी तशीच बाजूला सरकवली.

मग मी तिच्यावर पाळत ठेवली. पेशंट झोपवला की ही बया गुडघ्यात वाकायची, डोळा टेबलाच्या पातळीला आणायची आणि मशीनची लाल रेघ पेशंटच्या कुशीच्या बरोबर मधोमध येईपर्यंत टेबल वर-खाली करत बसायची. बस, एवढंच. मी टेबल कायम उंच ठेवायचे, सुई लावताना कंबर वाकवायला नको म्हणून. आणि उंच ठेवलं की माणूस किरण सोडणाऱ्या वरच्या नळीच्या जवळ जातो, मापाच्या पहिल्या फोटोत आहे त्याहून जाड दिसतो, आणि मशीन जाड माणसाला लागतील तेवढे जास्त किरण सोडतं. हे मला शिकवलेलं होतं. मी सोयीस्कर विसरले होते. कालच्या पोरीने न बोलता माझी एकोणीस वर्षांची चूक मला दाखवली, याचाच मला जास्त राग आला.

सुकुमारनच्या शेवटच्या आठवड्यात रुखिया आली. वय तीस, मुतखड्याचा त्रास, वर्षातला हा चौथा स्कॅन. फसीलाने तिला अगदी निगुतीने झोपवलं.

"तू बाहेर जाऊन बटणं बघ," मी म्हणाले, "हिचे हात मी वर घेते."

"थँक्यू, चेची."

दार लागलं. मी रुखियाचे हात डोक्यामागे नेले आणि टेबलाचं बटण दाबलं. चार बोटं वर.

"काही दुखणार नाही ना हो?" रुखियाने विचारलं.

"काही कळणारसुद्धा नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं.

आकडा आला अकरा. फसीला पडद्याकडे बघतच राहिली. मला आतून इतकं गार वाटलं, काय सांगू.

दुपारी ती माझ्यासाठी सुलैमानी चहा घेऊन आली, मला हवा तसा लिंबू पिळलेला.

"चेची, रागावणार नसाल तर एक बोलू? टेबलाची उंची मशीनमध्ये लिहिली जाते. मी लावली त्याहून ती जास्त होती."

मी कप खाली ठेवला.

"सवयीने झालं असेल," ती म्हणाली. "तुमची कंबर दुखते ना. आता दुखली की मला हाक मारा, मी वाकेन. सरांना सांगते, चूक माझीच, नीट बघितलं नाही म्हणून."

तिने मला चोर म्हटलं असतं तर मी तिथेच भांडले असते. पण तिला ते सुचलंसुद्धा नाही. हिचं मनही माझ्यापेक्षा चांगलं! तो चहा मी बेसिनमध्ये ओतला.

सोमवारी सरांनी यादी वाचली. "फसीला, रुखियाबाईंचे अकरा कसे?"

"माझं लक्ष नव्हतं, सर."

"चौथा स्कॅन होता त्यांचा. असं चालणार नाही. मग इन्चार्ज म्हणून मी विलासिनीचं—"

"टेबल मी वर केलं," मी म्हणाले.

"कंबरेमुळे, सर," फसीला घाईघाईने म्हणाली.

"कंबरेबिंबरेमुळे नाही! तुझा आकडा वाढावा म्हणून केलं. मुद्दाम."

फसीलाने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या नजरेत चेची नव्हती.

सरांनी मला खोलीबाहेर थांबायला सांगितलं. खुर्ची गेली, कदाचित नोकरीही जाईल. आणि बाहेर उभी राहून मी काय विचार करत होते? रुखियाचा नाही. आत सर आता फसीलाला काय म्हणत असतील, याचा.