अळणी महिना

कपड्यांच्या कारखान्यात माझं काम चुका शोधायचं. शिवून आलेला शर्ट टेबलावरच्या दिव्याखाली उलटा करायचा, शिवणीवरून बोटं फिरवायची आणि टाका सुटलेला दिसला की तिथं लाल बाण चिकटवायचा. बारा वर्षांत माझ्या हातून निसटलेला एक शर्ट दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. शिलाईच्या बायका माझ्यामागे मला 'एक्स-रे' म्हणतात. ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

याच बोटांनी मी भिंगरीच्या गोळ्या पकडल्या होत्या. भिंगरी म्हणजे माझी तेरा वर्षांची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं, तेव्हा आम्ही कौतुकानं हसायचो. अकराव्या वर्षी ती सलग चार दिवस झोपली नाही. भिंतीवर खडूनं अख्खं शहर काढलं, बोलायला लागली की श्वास घ्यायचं विसरायची, आणि पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीच्या कठड्यावर चढून उभी राहिली. तिच्या बापानं तिला मागून धरलं म्हणून आज मी हे सांगतेय. त्यानंतर तीन आठवडे ती तोंडावर पांघरूण घेऊन पडून. डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, आणि हळूहळू माझी पोर मला परत मिळाली. भांडणारी, आळशी, गणितात काठावर पास होणारी. देवाला जोडले नसतील इतक्या वेळा मी त्या गोळीला हात जोडलेत.

गेल्या वर्षी पडदा धुवायला काढला, तर खालच्या दुमडीत बोटांना काहीतरी टणक लागलं. शिवण उसवली. आत तेवीस गोळ्या. पोरीनं दुमड उसवून गोळ्या आत सरकवल्या होत्या आणि वर पुन्हा टाके घातले होते. टाके चांगले होते, आईवर गेलीय. तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ मी तिच्यासमोर उभी. पाणी पी. गिळ. तोंड उघड. जीभ वर कर. मग दोन्ही गालांत टॉर्च. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

या उन्हाळ्यात नवऱ्याचा रक्तदाब वाढला. तो बस चालवतो. परवान्याची वैद्यकीय तपासणी दोन महिन्यांवर आलेली. दवाखान्यात त्याला सांगितलं, मीठ जरा कमी करा. मी काही 'जरा' करणाऱ्यातली नाही. मिठाची बरणी माळ्यावर टाकली आणि घरातलं सगळं अळणी केलं. भाजी, अंडी, सूप, सगळं.

"अगं, आजाऱ्याचं जेवण धडधाकट माणसाला घातलं तर तो आजारी पडतो," नवरा म्हणाला.

"परवाना हवाय ना? मग मुकाट्यानं जेवा."

भिंगरीला शाळेची सुट्टी होती. दोन्ही वेळा ती घरीच जेवायची. उकाडा असा की बसल्या जागी कपडे भिजायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, माझे हात थरथरतायत."

तिच्या हातातला चमचा ताटलीवर वाजत होता. मी बघितलं आणि मनात म्हटलं, आली नाटकं. मागे गोळ्या लपवायच्या आधीही हिचं असंच पोट दुखायचं, डोकं दुखायचं.

"आज नको ना गोळी. एकच दिवस."

"एका दिवसाचा आठवडा होतो. तोंड उघड."

दोन दिवसांनी गोळी घेतल्या घेतल्या तिला उलटी झाली. बोट घालून काढली असेल, असं मला वाटलं. मी दुसरी गोळी दिली. हे वाक्य सांगताना मला अजूनही कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं, पण दिली.

पुढच्या मंगळवारी नवऱ्याला सुट्टी होती. भिंगरी न्हाणीघरातून भिंत धरधरून बाहेर आली. काहीतरी बोलली, ते जिभेतच अडकलं.

"ही प्यायलेल्या माणसासारखी चालतेय," नवरा म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्यानं तिला उचललं आणि तीन जिने उतरला.

रक्त तपासलं. लिथियम वाढलं होतं, आणि थोडंथोडकं नाही. डॉक्टरबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. दुखण्यावरची गोळी दिली होती का? नाही. पाणी पिते? भरपूर. जेवणात काही बदल?

"वाईट काही नाही," मी म्हटलं. "उलट महिनाभर घरात मीठच बंद केलंय."

ते मी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं, असं त्यांनी समजावलं. त्यात उन्हाळा, घाम. औषध सुरू केलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी कागद दिला होता. फाइलमधून तो मीच काढला. त्यावर छापलं होतं, मिठाचं प्रमाण अचानक बदलू नये. मी तो वाचला होता. एकदा नाही, दहादा. आणि दहाही वेळा माझ्या डोक्यानं वाचलं होतं, मीठ जास्त खाऊ नये. मीठ कमी करून कुणाचं कधी वाईट झालंय? लोकांच्या शिवणी तपासणारी मी, माझ्या डोळ्यांना एक ओळ सरळ वाचता आली नव्हती.

बाहेरच्या बाकावर नवरा हळूच म्हणाला, "मी डेपोत रोज वेफर्स खायचो."

दुपारी मी स्वतः कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत होते. महिनाभर खरोखर अळणी खाल्लं ते एकट्या भिंगरीनं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या दिवशी तिची जीभ वळायला लागली आणि हात स्थिर झाले. रक्तातलं लिथियमही उतरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कमी प्रमाणात पुन्हा सुरू करू. दर आठवड्याला रक्त तपासू. हिला हेच औषध लागू पडलंय."

त्या गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसले. "तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

ती छताकडे बघत होती. "मग आता ऐकशील?"

"ऐकेन."

"मला ती गोळी परत नको."

उत्तर जिभेवर तयार होतं, गॅलरीच्या त्या कठड्यासकट. ते कसंबसं आवरलं.

"का नको?"

हा प्रश्न मी तिला दोन वर्षांत कधी विचारलाच नव्हता. विचारला तेव्हाच ते लक्षात आलं.

ती चादरीचा दोरा ओढायला लागली. "गोळी नसली की काय होतं ते मला माहितीय. मलाही ते पुन्हा नकोय. पण आठ वाजत आले की मला तुझी भीती वाटते. तू मला बघतच नाहीस, आई. माझ्यात चूक कुठंय ते बघतेस."

मी रडले. नर्स आत आली, माझ्याकडे बघून तशीच मागे फिरली.

"बाबांनी दिली तर घेईन," भिंगरी म्हणाली.

"मी?" नवरा घाबरलाच. "अगं, मला माझा चष्मा सापडत नाही."

"मी आठवण करीन."

घरी आल्यावर मी डबी त्याच्या हातात दिली. कुठली कधी, किती पाण्याबरोबर, हे सांगायला लागले तर तो म्हणाला, "डॉक्टरबाईंनी मला लिहून दिलंय." त्यानं फोनमध्ये दोन गजर लावले. त्यातला एक चुकून पहाटेचा लागला होता, तो भिंगरीनं बदलून दिला.

पहिल्या रात्री आठला पाच मिनिटं असताना माझे पाय त्यांच्याकडे वळायला लागले. मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. गजर वाजला. नवरा काहीतरी पुटपुटला, भिंगरी हसली. मग ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

तिनं गोळी गिळली की नाही, मला कळलं नाही. मी जिन्यातच बसून राहिले.