सुसाट प्रोसेसर आणि आईचं बटण

ऑफिसात त्याला 'सुसाट' म्हणत, आणि त्याला ती पदवी वाटे. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी छोटी चिप, हाती आली की हा पठ्ठ्या आधी तिचा वेग कमाल आकड्यावर नेऊन ठेवणार, काम काय आहे ते मग विचारणार. एकट्या राहणाऱ्या आईसाठी गळ्यात घालायचं बटण बनवलं, तेव्हाही तेच. पडलीबिडली तर बटण दाबायचं, की याच्या फोनवर निरोप हजर. आईने ते कौतुकाने शेजारणीला दाखवलं होतं.

आणि एके सकाळी आई न्हाणीघरात घसरली. हात चांगलाच मुरगळला. याला कळलं ते शेजारणीच्या फोनवरून, तेही संध्याकाळी. तो थेट आईकडे गेला.

"बटण का नाही दाबलंस?"

"बंद होतं रे. सारखं चार्जिंगला लावा, सारखं उतरतंय. म्हणून तुझा फोन आला, तू विचारलंस, की तेवढ्यापुरतं चालू करायचे."

"अगं, मग सांगायचं ना मला!"

"सांगणार होते. पण तू म्हणायचास, घाईत आहे, नंतर बोलू."

यावर सुसाटरावांनी बटण मागून घेतलं. ते खिशात घालून तो घरी आला आणि टेबलाशी बसला. बायको शेजारी खुर्ची ओढून बसली.

"एवढी बॅटरी खातं कोण?"

"प्रोसेसर. पूर्ण वेगात चालतो ना."

"आणि एवढं धावून करतो काय?"

"वाट बघतो. कोणी बटण दाबायची."

"वाट बघायला धावावं लागतं, हे मला नवीनच."

त्याने निमूटपणे चिपला ठेका देणारा वेगवान क्रिस्टल बंद केला आणि मनगटी घड्याळात असतो तसला मंद क्रिस्टल चालू केला. आता चिप दिवसभर झोपणार होती आणि बटण दाबलं की जागी होऊन आपल्या आतल्या घड्याळावर वेग घेणार होती. बायकोने दाबून पाहिलं, तर फोनवर 'आई' ऐवजी भलतीच चिन्हं उमटली.

"ही तर झोपेत बरळतेय," बायको म्हणाली.

घड्याळ बदललं की निरोप पाठवणाऱ्या मोडेमशी बोलायची गतीही नव्याने बसवावी लागते, हे गडी साफ विसरला होता. ती बसवली आणि निरोप सरळ यायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने बटण आईला नेऊन दिलं, चार्जिंगचं आता विसर म्हणून बजावलं आणि घाईघाईने निघाला.

त्यानंतर काही दिवसांनी, साहेब भर मीटिंगमध्ये बोलत असताना, फोनवर 'आई' उमटलं. "कुठे निघालास?" असं साहेब विचारेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा होता.

आई दाराकडे तोंड करून खुर्चीत निवांत बसली होती.

"काय झालं? कुठे लागलं?"

"काही नाही. बरी आहे मी."

"मग दाबलंस कशाला? चालतंय ते! मी स्वतः तपासलंय!"

"यंत्राची शंका नव्हती रे मला," आई म्हणाली. "तू येतोस का, ते बघायचं होतं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचा फोन वाजत होता, तो त्याने बंद केला आणि आईच्या पायाशी फरशीवर बसला.

"आलो ना," एवढंच तो म्हणाला.

"आलास. आता लगेच उठू नकोस."